वरचं बटण

"काय हो, आज तुमचीच तपासणी झालेली दिसतेय," शेजारच्या टेबलावरचे थर्मामीटरवाले काका म्हणाले आणि आपल्याच विनोदावर खुदकन हसले. वजनमापांच्या कचेरीतला तपासनीस तेव्हा काचेच्या पेटीतल्या तराजूसमोर बसला होता. हातात चिमटा, चिमट्यात पाच ग्रॅमचं वजन. अशा वेळी त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, शिंकायचंसुद्धा दाराबाहेर जाऊन, असा त्या खोलीचा सतरा वर्षांचा शिरस्ता. त्यानं वजन आधी मखमलीच्या खाचेत ठेवलं, पेटीचं दार लावलं आणि मग मान वर केली. "कोपर बघा, कोपर. डावं," काका म्हणाले. आपलं कोपर आपल्याला कुठं दिसतं? त्यानं हात वाकवला, मान वाकवली, शेवटी स्वेटरची बाही ओढून पुढं आणली. कोपराच्या मागं एक हिरवं गोल स्टिकर चिकटलेलं होतं. दिवसाकाठी अशी वीस-पंचवीस स्टिकरं तो स्वतःच लोकांच्या काट्यांवर लावायचा. वर 'तपासले' असं छापलेलं, खाली दोन ओळी मोकळ्या, एक तारखेची आणि एक सहीची. या स्टिकरवर तारखेच्या जागी बारा होते आणि सहीच्या जागी त्याच्याच नीटस अक्षरात लिहिलं होतं: वरचं बटण. काका अजून हसत होते. तपासनिसानं बाही सोडली.

म्हणजे सकाळचं ते हे होतं. सकाळी दाराशी खाली बसून तो मुलीच्या बुटाचा पट्टा लावत होता आणि ती, नेहमी पायमोजाच्या शिवणीवरून कुरकुरणारी, आज गप्प उभी होती. मग त्याच्या डाव्या कोपरावर तिचा अंगठा टेकला. नुसता टेकला नाही, दाबला. एकदा, दोनदा, कडेकडेनं चार वेळा. भिंगरी सहा वर्षांची झाली होती आणि आपण होऊन कुणाला हात लावल्याचे प्रसंग त्याला तारीखवार सांगता आले असते, इतके ते थोडे होते. तो हललाच नाही. पट्टा कधीच लागला होता, तरी तो तसाच बसून राहिला, गुडघ्याला कळ लागेपर्यंत. बसमध्ये तो उभ्यानं आला, समोर जागा असून बसला नाही. डावा हात छातीशी धरून ठेवला, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. आज बायको घरी आली की पहिलं हेच सांगायचं, तिनं आपण होऊन हात लावला, असं त्यानं मनाशी घोकून ठेवलं होतं. सांगायला काहीतरी खरं मिळालं होतं. त्या आनंदात निम्मा भाग सुटकेचा होता, हे त्याला तेव्हाही थोडं थोडं कळत होतं. आणि या छोट्या बाईसाहेब तिकडं त्याला स्टिकर लावत होत्या.

स्टिकरांचं खूळ घरात शिरलं त्याला आता दोन वर्षं झाली. मुलगी स्वमग्न आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तपासनिसानं तो शब्द कागदावर लिहून घेतला होता, स्पेलिंग विचारतात तसं पुन्हा एकदा विचारून. रस्त्यात बायको म्हणाली होती, "लिहून काय घेतलंस? विसरणार आहेस का?" मग थेरपिस्ट बाई आल्या, त्यांचे तक्ते आले. तक्त्यात दोनच रकाने, जमतं आणि जमत नाही. दुसरा रकाना भरून पानाबाहेर सांडायचा आणि पहिल्यात दिवसेंदिवस काही नसायचं. बायको ते तक्ते फ्रीजवर लावायची आणि पाहुणे यायचे असले की काढून ठेवायची. एका संध्याकाळी तपासनीस घरी आला तो खिशावर स्टिकर चिकटलेलं घेऊनच. जुन्या छपाईची, रद्द झालेली गुंडाळी साहेबांनी त्याला देऊन टाकली होती, त्यातलंच एक सुटून लागलं असणार. भिंगरीनं ते पाहिलं, नखानं अलगद सोडवलं आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूनं नेऊन चिकटवलं. त्याच दिवशी तिनं पहिल्यांदा आपली ताटली उचलून मोरीत ठेवली होती. बायकोनं पेन घेतलं, स्टिकरवर तारीख घातली आणि खाली लिहिलं, ताटली. "हे राहू दे," ती म्हणाली. "हे नाही मी पाहुण्यांसाठी काढणार." तेव्हापासून तक्ते गेले रद्दीत आणि कपाटाचं दार भरत गेलं. डावा बूट. कंगवा, दहा आकडे होईपर्यंत. पिवळा पेला नसताना पाणी प्यायली. मिक्सर चालू असताना एक कान सोडला. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे बघितलं, बहुतेक. हे 'बहुतेक' बायकोनं लिहिलं होतं आणि त्यावरून दोघं पोट धरून हसले होते. स्टिकर लावायची मात्र भिंगरीच. दोन स्टिकरांमध्ये बरोबर आपला अंगठा मावेल एवढी जागा सोडायची, चारी कडा दाबायची. टाळ्या वाजवायच्या नाहीत. मागं एकदा जिना चढली म्हणून आत्या, मामा, सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवल्या होत्या आणि पोर तासभर टेबलाखाली बसली होती, कानांवर हात दाबून. म्हणून आता टेबलावर दोन बोटांनी टकटक, फक्त दोनदा. ही टकटक तिचीच, तिनंच त्यांना शिकवलेली. कधी कधी ती उत्तरही द्यायची, दोनदा. त्या दिवशी दोघांना आनंदानं भूकही नसायची.

कपाटाच्या दारातली सगळी गंमत सासूबाईंना ठाऊक होती. त्या दूरच्या गावी एकट्या राहायच्या आणि हाताला काही धरवेनासं होईपर्यंत लोकांचे कपडे शिवायच्या. भिंगरी हे नावही त्यांचंच. नात सव्वा वर्षाची असताना अंगणात दोन्ही हात पसरून गोल गोल फिरत राहिली, थांबेचना, तेव्हा बाकीच्यांचे चेहरे उतरले आणि या म्हणाल्या, "भिंगरी आहे माझी, फिरू दे." आजारपणानं अंथरूण धरायच्या आधी त्यांनी तिच्यासाठी एक फ्रॉक शिवून पाठवला होता. पुढून उघडा, पाच बटणं, बटणं चांगली मोठी, खडबडीत, बोटाला कळतील अशी. काजं हातानं केलेली, जरा सैल, आणि प्रत्येक काजाच्या कडेनं लाल जाड दोरा, म्हणजे पोरीला भोक दिसावं. सोबत चिठ्ठी, तिरक्या अक्षरात: घाई करू नका, खालून सुरुवात करा. पाच आठवड्यांपूर्वी बायको आईकडे गेली ती फ्रॉक खुर्चीच्या पाठीला लटकवून. "रोज पाच मिनिटं," तिनं बजावलं होतं. "जमलं तर जमलं." तपासनीस रोज पाच मिनिटं बसायचा. भिंगरी फ्रॉक घालून उभी राहायची, बटणाकडे बघायची, लाल दोऱ्यावरून बोट फिरवायची. पुढं पुढं ती डाव्या हाताच्या दोन बोटांत काजाची कड धरायला लागली. धरायची, ताणायची, उजव्या हातानं बटण काजाच्या तोंडाशी आणायची आणि तिथंच सोडून द्यायची. रोज तिथंच. पाच मिनिटं झाली की तो बटणं स्वतः लावून टाकायचा आणि घड्याळाकडे बघत म्हणायचा, "उद्या."

फोन रोज संध्याकाळी व्हायचा, भिंगरीचं जेवण झालं की. पलीकडं बायको फोन आईच्या उशाशी ठेवायची, म्हणजे दोघींना ऐकू जावं. रोजचा प्रश्न एकच, "आज काही नवीन?" आणि रोजचं उत्तर, "नाही गं. ठीक आहे सगळं." बायको गेल्यापासून त्या दारावर एक स्टिकर वाढलं नव्हतं. तिकडं आईची तब्येत खाली खाली चाललेली, बायकोचा आवाज दिवसेंदिवस बसत चाललेला, आणि इकडून हा माणूस रोज 'नाही' देतोय. बारा तारखेला बायकोच्या आधी सासूबाईच बोलल्या. आवाज कसला, नुसता श्वास. "बटण लावलं का रे, माझ्या भिंगरीनं?" आणि तपासनीस म्हणाला, "लावलं." कसं निघालं तोंडातून, देव जाणे. सतरा वर्षांत एका केसानं इकडचं तिकडं न केलेला माणूस. पलीकडं बायको ओरडलीच, "काय सांगतोस!" मग सासूबाईंनी विचारलं, "कुठलं?" कुठलं म्हणजे काय सांगायचं? त्याच्या डोळ्यांसमोर खुर्चीवरचा फ्रॉक होता आणि त्यातलं सगळ्यात वर दिसणारं बटण. "वरचं," तो म्हणाला. "वरचं?" सासूबाई म्हणाल्या. "वरचं कठीण. हनुवटी आड येते." मग, "शाबास माझी." ते शाबास कुणाला होतं, हे तो त्यानंतर रोज स्वतःला विचारत होता. खोटं बोलताना माणसानं निदान सोपं तरी खोटं बोलावं.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण बायको म्हणाली, "स्टिकर लावलं का? फोटो पाठव, आईला दाखवते." म्हणून त्यानं स्टिकर लिहिलं आणि भिंगरीला हाक मारली. ती आली. स्टिकर पुढं केलं तर तिनं हात मागं घेतले. एरवी झडप घालून घ्यायची. तो म्हणाला, "बेटा, लाव ना, आजीला दाखवायचंय." ती आपल्या नेहमीच्या, फिरवायच्या भांड्याच्या झाकणाकडं बघत राहिली. पलीकडं फोटोची वाट बघणारी दोन माणसं. मग त्यानं तिचं बोट धरलं, स्टिकरवर ठेवलं आणि दाबलं. लहान मुलाचं बोट ते, पण अस्सं ताठ झालं होतं, पेन्सिलीसारखं. स्टिकर तिरकं लागलं. त्यानं फोटो काढला. फोटोत बोट छान आलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टिकर फरशीवर पडलेलं. गोंद गेला असेल म्हणून त्यानं पुन्हा लावलं. तिसऱ्या दिवशी ओट्यावर. चौथ्या दिवशी त्याच्या बुटात. त्या रात्रीपासून ते दिसेनासंच झालं आणि त्यानं सुटकेचा श्वास टाकला, गेलं एकदाचं केरात. आता कळत होतं की केरात गेलं नव्हतं. पोरीनं सांभाळून ठेवलं होतं. कुठं, कुणास ठाऊक. आणि आज सकाळी जिथं लावायचं तिथं लावलं होतं. तसं कशावरून? तिरकं लागलं होतं म्हणून काढलं असेल. तिला तिरकं खपत नाही, चटईसुद्धा सरळ करते. असं त्यानं स्वतःला दोनतीनदा सांगून पाहिलं. पण मग सरळ करून परत दारावर लावलं असतं तिनं. त्याच्या कोपरावर नसतं लावलं.

बारा तारखेचा तो फोन झाला त्यानंतर चौथ्या दिवशी सासूबाई गेल्या. बायको मागचं आवरायला आठवडाभर थांबली. आज संध्याकाळी ती येणार होती, आणि कालच्या फोनवर, पहिल्यांदाच जरा मोकळ्या आवाजात, म्हणाली होती, "आल्याबरोबर मला बटण लावून दाखवायला सांग तिला. मला तेवढंच बघायचंय." आता यावर माणूस काय करणार? बसल्या बसल्या त्याला वाटही दिसली होती आणि ती काही फार अवघड नव्हती. एकदा लावलं, नंतर विसरली. मुलं शिकलेलं विसरतात, थेरपिस्ट बाईच सांगतात. बायको दोन अश्रू ढाळेल, म्हणेल, पुन्हा शिकेल. संपलं. कुणालाही कधीही कळणार नाही. कोपरावर हात ठेवून तो बसून होता. स्टिकर त्यानं काढलं नव्हतं. या खोलीत एक नियम होता, ज्यानं स्टिकर लावलं त्यानंच ते काढायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. नियमानं बघायला गेलं तर त्या दिवशी दारावर बोट तिचं होतं, भले त्यानं धरलेलं असेल. तेव्हा काढायचा हक्कही तिचाच होता, आणि तिनं तो बजावला होता. इथं मात्र लावणारी ती होती. त्याला ते काढता येत नव्हतं.

दुपारी एका प्रसूतिगृहाचा माणूस काटा घेऊन आला. बाळांचा काटा, वर पांढरा द्रोण, त्यात मऊ कापड. तपासनिसानं कापड बाजूला केलं, प्रमाण वजनं एकेक करून ठेवली, आकडे लिहिले, पुन्हा ठेवली. काटा वीस ग्रॅम जास्त दाखवत होता. त्यानं खणातून लाल, नापासाचं स्टिकर घेतलं. "अहो, वीस ग्रॅम," तो माणूस म्हणाला. "वीस ग्रॅमनं काय होतंय? जास्तच दाखवतोय ना, कमी तर नाही? आया खूश होतात उलट." तपासनिसानं एरवी मुकाट्यानं लाल स्टिकर लावून काटा परत केला असता. आज तो म्हणाला, "कमी दिवसांचं बाळ असतं, दिवसाला वीस ग्रॅम वाढतं. आई रोज तेवढ्यासाठी येते. तुमच्या काट्यावर पहिल्यांदा ठेवलं की तिला वाटणार, वाढलं. वाढलेलं नसतं. ती खूश होऊन घरी जाणार आणि..." वाक्य अर्धंच टाकून त्यानं लाल स्टिकरवर तारीख घातली. तो माणूस चमकून बघत राहिला. "बरं बरं," तो म्हणाला. "लावा लाल. मला काय, मी आपला आणून देणारा." थर्मामीटरवाले काका आपल्या टेबलावरून बघत होते. माणूस गेल्यावर ते उठून आले, खुर्ची ओढून बसले. "घरी सगळं बरं ना?" "बायको येतेय आज." "मग बरंच की." "हो," तपासनीस म्हणाला. काकांनी त्याच्या कोपराकडं एकदा पाहिलं, काढून देऊ का असा हात पुढं केला, आणि त्याचा चेहरा बघून मागं घेतला.

तो लवकर निघाला. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून भिंगरीला घेतलं, जिना चढताना ती नेहमीप्रमाणे प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवत होती आणि तो मागं मागं. घरात शिरल्याशिरल्या तिनं आपलं झाकण घेतलं, जमिनीवर बसली आणि फिरवायला लागली. त्यानं कपाटाचं दार उघडलं. शेवटच्या ओळीत सहा स्टिकरं, नीट, अंगठ्याअंगठ्याच्या अंतरावर. सातव्या जागी काढलेल्या स्टिकरच्या गोंदाचा पुसट गोल. त्यानं नखानं तो खरवडायला घेतला आणि थांबला. त्याच्या मनात आलं, ही पोर बोलत नाही. सहा-सात शब्द, तेही कधीमधी. तिच्याबद्दल जगाला जे कळतं ते आपण दोघं सांगतो तेवढंच. ती ज्याला उलटून नाही म्हणू शकत नाही, असं काहीही आपण सांगू शकतो. आणि ती तर नाही म्हणाली होती, एकदा नव्हे, चार वेळा. त्याला आपली लाज वाटली. वाटली म्हणजे अंगभर वाटली, कानाच्या पाळ्या तापल्या. झाकण फिरत होतं, मंदावत होतं, पडत होतं, पुन्हा फिरत होतं.

बायको आली ती उन्हं उतरताना. बारीक झाली होती. तिनं बॅग दाराशी ठेवली, पण भिंगरीजवळ एकदम गेली नाही. चार हात लांब जमिनीवर बसली आणि दोन बोटांनी फरशीवर टकटक केलं. भिंगरीनं झाकण थांबवलं. मान वर केली नाही, पण सरकत सरकत आली आणि आईच्या गुडघ्याला पाठ लावून बसली. बायको रडली, आवाज न करता. मग तिनं बॅगेतून आईचा बटणांचा डबा काढला, जुना, पत्र्याचा. त्यात वरच एक कागदाची पुडी होती. "हे बघ," ती म्हणाली. "आईनं शेवटचं काही सांगितलं असेल तर हे. तुझा फोन झाला ना, दुसऱ्या दिवशी मला डबा उशाशी घ्यायला लावला. एकेक बटण हातात घेऊन बघत होती. ही पाच बाजूला काढली. म्हणाली, वरचं लागतंय म्हणजे आता पुढचा फ्रॉक लहान बटणांचा शिव. मला कुठं शिवता येतंय?" ती हसली. पुडीत पाच बटणं होती, निळी, मसुराच्या दाण्याहून थोडी मोठी. "आणि तो फ्रॉक कुठाय?"

फ्रॉक खुर्चीवरच होता. तपासनीस खुर्चीशी उभा राहिला. ती वाट अजून उघडी होती, विसरली म्हणायची.

"तिनं बटण लावलेलं नाही," तो म्हणाला.

"आज?"

"कधीच नाही."

बायको त्याच्याकडं बघत राहिली. "फोटो पाठवलास की."

"बोट धरून लावलं मी. तिला नको होतं. तिनं काढून टाकलं नंतर."

ती उठली नाही, ओरडली नाही. पुडी हातात तशीच होती. "तुला माहितेय," ती हळूहळू म्हणाली, "फोन ठेवल्यावर आई मला म्हणाली, वरचं आधी कसं लागेल गं? मुलं खालून शिकतात. मी काय म्हटलं तिला? मी म्हटलं, आई, तो वजनं तपासणारा माणूस आहे, उगीच नाही सांगायचा. मी तुझी ग्वाही दिली. म्हणून तिनं डबा मागितला."

तपासनिसाला बसावंसं वाटलं, पण तो उभाच राहिला.

"आणि बाकीची?" बायकोनं कपाटाकडं बोट केलं. "डावा बूट तू एकट्यानं पाहिलास. मिक्सरचं तू एकट्यानं. मी ऑफिसात होते, तू फोन केलास, मी तिथं सगळ्यांसमोर रडले. ती?"

"खरी आहेत. शप्पथ."

"हे आता मी कसं समजायचं?"

सतरा वर्षांत त्यानं किती काटे नापास केले, त्या लोकांना हाच प्रश्न पडत असणार, काल-परवा याच काट्यावर मोजलं त्याचं काय? त्यानं कपाटाचं दार उघडलं. "ही तिनं लावलीत," तो म्हणाला. "एकही काढलेलं नाही. तेवढं एकच काढलं." बायको उठून दाराशी आली. तिनं आपला अंगठा दोन स्टिकरांच्या मध्ये ठेवून पाहिला, मग पुढच्या दोनांत, मग पुढच्या. शेवटच्या पुसट गोलावर तिचा हात थांबला. "मग काय करते ती?" तिनं विचारलं. आवाज कोरडा होता. "पाच आठवडे रोज बसलास ना? खरं काय होतं ते सांग. जसं असेल तसं."

त्यानं फ्रॉक उचलला आणि दाखवलं. "इथं बोट फिरवते, लाल दोऱ्यावरून. मग डाव्या हातानं काज धरते, अशी कड, दोन बोटांत. ताणते. बटण तोंडाशी आणते. आणि सोडते."

"डाव्या हातानं धरते? तू सांगितलंस म्हणून?"

"नाही. आपण होऊन. चार तारखेपासून."

बायकोनं फ्रॉक त्याच्या हातातून घेतला. ते वरचं काज ती बोटांत धरून बघत राहिली. "आणि हे तू सांगितलं नाहीस."

"हे काय सांगायचं, असं वाटलं. बटण कुठं लागलं होतं."

"अरे, माझ्या आईनं पन्नास वर्षं काजं केली," बायको म्हणाली, आणि आता तिचा आवाज फुटला. "काज धरते म्हणाला असतास तर तिला बटणापेक्षा जास्त कळलं असतं. तिलाच कळलं असतं. दुसऱ्या कुणाला नसतं कळलं."

तपासनिसानं खणातून गुंडाळी काढली, एक स्टिकर सोडवलं, टेबलावर ठेवून लिहिलं. तारीख चार. खाली, काज धरलं. अक्षर नीटस आलं नाही. मग ते बोटाच्या टोकावर धरून तो भिंगरीसमोर बसला आणि हात पुढं केला. या वेळी लाव म्हणाला नाही. झाकण फिरत होतं. ते पडलं. भिंगरीनं स्टिकरकडं पाहिलं, ते उचललं, नाकाशी नेऊन वास घेतला, आणि किती वेळ ते नुसतं धरून बसली. तिनं ते फरशीवर टाकलं तर ते तिचं 'नाही' असणार, हे त्याला ठाऊक होतं. ती उठली. कपाटाशी गेली. पुसट गोलावर अंगठा ठेवला, मग त्याच्या पुढं अंगठा ठेवला, आणि त्याच्याही पुढं स्टिकर लावलं. चारी कडा दाबल्या. मधली, पुसट गोलाची जागा तिनं मोकळीच सोडली.

बायकोनं टेबलावर दोनदा टकटक केलं. तपासनिसानं हात उचलला, बायकोकडं पाहिलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती, पण नको असंही म्हणाली नाही. त्यानं दोनदा टकटक केलं, हलकेच. भिंगरीनं उत्तर दिलं नाही. ती झाकणाकडं परतली.

"ती मधली जागा बटणाची," बायको म्हणाली. तिनं डोळे पुसले, वळली, आणि तेव्हा तिला ते दिसलं. "तुझ्या कोपराला काय लागलंय?"

"तेच. बारा तारखेचं. सकाळी तिनं लावलं."

बायकोनं त्याची बाही ओढून स्टिकर वाचलं. पुन्हा वाचलं. "काढ ते."

"मला काढता येत नाही," तो म्हणाला. "ज्यानं लावलं त्यानंच काढायचं असतं."

बायकोनं भिंगरीकडं पाहिलं. झाकण पूर्ण वेगात होतं आणि भिंगरी गाल फरशीला टेकवून त्याचा आवाज ऐकत होती. "मग राहू दे," बायको म्हणाली. तिनं पाच निळ्या बटणांची पुडी पुन्हा बांधली, डब्यात ठेवली आणि डबा कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला.